ती पाच माणसं आमची होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी एरवी सगळं सांगते, बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं तेसुद्धा. आईला नाही. क्योतोमध्ये ज्या प्रोफेसरांच्या हाताखाली मी पीएचडी केली त्यांना तर नाहीच. त्यांना मी उलटंच सांगितलं होतं. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. बरीच वर्षं मनात ठेवलंय, एवढं खरं.

आणि गंमत बघा — सांगायचं ठरवलं, तरी मी आधी ओकुदा-सानच्या आवाजाबद्दलच बोलणार आहे. कारण तो भाग सोपा आहे.

ओकुदा-सान — 'सान' म्हणजे आपलं आदराचं 'बाई' किंवा 'राव' — सत्तरी ओलांडलेल्या होत्या. ठेंगण्या, नीटस, केस मागे घट्ट बांधलेले. तरुणपणापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये अनाउन्समेंट करायचं काम केलं होतं. तिसऱ्या मजल्यावर छत्र्यांचा सेल आहे, अमुक गावाहून आलेल्या तमुक बाईंनी माहिती कक्षापाशी यावं, आता दुकान बंद होत आहे, पुन्हा यावे. लग्न केलं नव्हतं. मला एकदा हसत म्हणाल्या होत्या, "अनु-चान, मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं गोड आवाजात म्हटली. माझं स्वतःचं मत मला कुणी विचारलंच नाही. आणि खरं सांगू? मलाही त्याची आठवण झाली नाही."

विचारलं ते आम्ही. आमच्या प्रयोगात.

माझा विषय होता ज्यूरी. खटल्यात सामान्य माणसं एकत्र बसून निकाल देतात, तेव्हा त्यांच्या मनात नेमकं काय होतं. जपानमध्ये मोठ्या गुन्ह्यांच्या खटल्यांत सहा नागरिक तीन न्यायाधीशांच्या बरोबरीने बसतात — मतदारयादीतून चिठ्ठी टाकून निवडलेले, तुमच्याआमच्यासारखे. कुणी फुलं विकतं, कुणी शाळेत शिकवतं. पुण्याहून आलेल्या मला याचं फार अप्रूप वाटायचं. ही माणसं पुराव्याकडे बघतात की एकमेकांच्या चेहऱ्याकडे? पहिलं मत कोण देतं, त्यावर पुढचं किती ठरतं? आणि एकटा पडलेला माणूस किती वेळ टिकतो?

हा शेवटचा प्रश्न माझा होता. त्यासाठी आम्ही एक खोटा खटला चित्रित केला. एका सुपरमार्केटच्या मागच्या गोदामाला आग लागते. पूर्वी तिथे पार्ट-टाइम काम करणारा एक तरुण पकडला जातो. कॅमेऱ्यात कुणीतरी पाठमोरं दिसतं, त्याच्यासारखंच जॅकेट घातलेलं. तरुण म्हणतो, तो मी नव्हतो. पण त्या वेळी कुठे होतो ते सांगत नाही. मुद्दामच अर्धवट ठेवलेला पुरावा. विद्यापीठाच्या आसपास राहणाऱ्या लोकांना आम्ही बोलवायचो. एका वेळी सहाजण टेबलाभोवती बसायचे, व्हिडिओ बघायचे आणि चर्चा करून निकाल द्यायचे. खटला नाटकातला आहे हे त्यांना आधीच सांगितलेलं असे.

जे सांगितलेलं नसे ते हे — सहापैकी पाच माणसं आमची असायची. साकुरा म्हणतात इथे अशांना. गर्दीत मिसळून ठरलेलं बोलणारी माणसं. चेरीच्या फुलांचाच शब्द. ती पाचही जणं एकामागून एक म्हणायची, दोषी. आणि मग सगळे मिळून सहाव्याकडे बघायचे. चिडून नाही, अगदी सौजन्याने. वाट बघत.

बहुतेक माणसं लवकर वाकतात. यात लाजण्यासारखं काही नाही. आपण माणसं तशीच आहोत. म्हणूनच प्रयोगानंतर प्रत्येकाला शेजारच्या खोलीत बसवून खरं काय ते सांगायचा नियम होता. ती पाच माणसं आमची होती. त्यांचं बोलणं आम्ही लिहून दिलं होतं. तुमच्या जागी जवळजवळ कुणीही हेच केलं असतं. हे ऐकल्यावर माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसायचं. काही जण मोठ्याने हसायचे. आणि मग विचारायचं — हे रेकॉर्डिंग आम्ही वापरलं तर चालेल का? नको म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

हे सांगायचं काम माझं होतं.

ओकुदा-सान वाकल्या नाहीत. म्हणजे — बराच वेळ वाकल्या नाहीत. मी काचेपलीकडून बघत होते. पाचही जण 'दोषी' म्हणून झाले. त्यांनी हात मांडीवर ठेवले, मान किंचित झुकवली आणि त्या सुरेख आवाजात म्हणाल्या, "माफ करा. मला जॅकेट दिसलं. माणूस दिसला नाही." कुणी म्हणालं, मग तो कुठे होता ते सांगत का नाही? त्या म्हणाल्या, "प्रत्येकाकडे न सांगण्यासारखं काहीतरी असतं." पुन्हा समजावलं. पुन्हा त्यांनी माफी मागितली, आणि पुन्हा नाही म्हणाल्या. त्यांच्या मानेवर लाल डाग चढत गेले होते. बाटलीचं झाकण त्यांनी उघडलं आणि न पिताच पुन्हा लावलं. मी श्वास रोखून होते — भीतीने नाही, आनंदाने. इतका वेळ कुणीच टिकलं नव्हतं. माझा अख्खा प्रबंध माझ्या डोळ्यांसमोर घडत होता.

शेवटी आमच्यातला एक जण ठरल्याप्रमाणे हळूच म्हणाला, "ओकुदा-सान, आम्ही पाचही जण चुकतोय असं म्हणायचंय का तुम्हाला?"

त्यांनी पाचही चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही, तसं कसं. सगळ्यांना तसं वाटत असेल तर — मग तसंच." आणि उठून उभ्या राहिल्या, पडद्यावर थांबलेल्या त्या तरुणाच्या चेहऱ्याकडे वळल्या, आणि कमरेत वाकल्या. पडद्याला.

त्या बाहेर आल्या तेव्हा मी दारात होते. त्यांनी छत्री घेतली. म्हणाल्या, जरा डोकं दुखतंय, बस आहे, निघाले तर चालेल का?

मी म्हणाले, हो, हो, अवश्य.

का? इतकी वर्षं मी स्वतःला कारणं देत आले. त्यांना बरं वाटत नव्हतं. बस चुकली असती. इतकं नाजूक काही बोलण्याएवढं माझं जपानी तेव्हा चांगलं नव्हतं — आदरार्थी क्रियापदांत माझी जीभ अडखळायची. ही सगळी कारणं खरी आहेत. पण दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता, नाही का? घरी जाता आलं असतं. त्या सायकलने सहज जाता येईल एवढ्या अंतरावर राहायच्या.

तर आता सांगते. आदल्या आठवड्यात एका गृहस्थांना मी सगळं समजावून सांगितलं होतं आणि ते भडकले होते. माझी थट्टा केलीत, म्हणाले. माझं रेकॉर्डिंग पुसून टाका. पुसावं लागलं. ओकुदा-सान दारात उभ्या असताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं. यांना सांगितलं, आणि यांनी नको म्हटलं तर?

म्हणून मी सांगितलं नाही.

संध्याकाळी प्रोफेसरांनी विचारलं, "ओकुदा-सानना नीट समजावलंत ना? त्यांना फार त्रास झालेला दिसला." त्यांना खरंच काळजी वाटत होती. आणि मी म्हणाले, "हो, समजावलं. बरं वाटलं त्यांना."

बरं वाटलं त्यांना! हे वाक्य वर आणखी जोडायची गरज काय होती? कुणी विचारलं होतं?

इथेच संपलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. पण हिवाळ्यात एकदा बसस्टॉपवर मागून आवाज आला — तो आवाज, ओळखू न येणं शक्यच नाही. त्यांनी मला आधी ओळखलं होतं. आमच्या भागात टिकली लावणारी मी एकटीच. काय शिकता, कुठे राहता, एकट्याच का? निखिल तेव्हा तोक्योत, हिगाशी-कसाईला आमच्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि सुट्टी मिळेल तसा यायचा. हे ऐकल्यावर त्यांनी बसमध्येच पिशवीतून एक संत्रं काढून माझ्या हातात ठेवलं.

मग मी त्यांच्याकडे जाऊ लागले. एका परिषदेत मला जपानीत बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, मी शिकवते. त्यांच्या छोट्या खोलीत, कोतात्सूखाली — ते पांघरूण घातलेलं गरम टेबल — पाय सारून आम्ही बसायचो आणि मी माझा शोधनिबंध वाचायचे. "श्वास वाक्याच्या आधी घे, मध्ये नको," त्या म्हणायच्या. "आणि लोकांना घाबरू नकोस. त्यांना छत्रीचा सेल सांगतेय असं समज." मी पोहे करून न्यायचे. त्या ते चॉपस्टिकने एकेक दाणा खायच्या आणि शेंगदाणा लागला की डोळे मिटायच्या. मला ताप आला तेव्हा भाताची पेज घेऊन, माझ्या इमारतीचे जिने चढून आल्या होत्या. परक्या अनु-सानची लाडकी अनु-चान कधी झाले, मला कळलंही नाही.

आणि मी त्यांना वाचून दाखवत असलेल्या निबंधातलं, सगळ्यांत जास्त टिकलेल्या व्यक्तीबद्दलचं पान मी रोज गाळायचे. हेही सांगून टाकते.

त्या दिवसाबद्दल त्या क्वचित बोलायच्या. एकदा संत्रं सोलता सोलता म्हणाल्या, "त्या मुलाला मी दोषी म्हटलं." मी घाईने म्हणाले, ओकुदा-सान, तो नट होता, खटला खोटा होता, तुम्हाला माहीत होतं ना! त्या म्हणाल्या, "हो. तो खोटा होता. पण मी खरी होते ना."

आमच्या विषयात एक गोष्ट वारंवार दिसते. वाकलेली माणसं नंतर स्वतःला समजावतात की आपल्याला ते पटलंच होतं. तेवढी सोय मन करून देतं. ओकुदा-साननी ती सोय घेतली नाही. आपल्याला पटलं नव्हतं आणि तरी आपण हो म्हणालो, हे त्यांनी जसंच्या तसं जवळ ठेवलं. आणि त्यातून स्वतःबद्दल एक निष्कर्ष काढला. चुकीचा निष्कर्ष — आणि तो चुकीचा आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस त्यांच्यासमोर बसून संत्रं खात होतं.

पुढच्या वर्षी त्यांना न्यायालयाकडून पत्र आलं. खऱ्या न्यायालयाकडून. एका खटल्यासाठी नागरिक निवडायचे होते आणि चिठ्ठीत त्यांचं नाव आलं होतं. त्यांच्या वयाच्या माणसाला नकार द्यायची मुभा असते. पत्र त्यांनी टेबलावर माझ्यापुढे सरकवलं.

"जावंसं वाटतंय," त्या म्हणाल्या. "खरंच वाटतंय, अनु-चान. पण माझ्यासारखी बाई तिथे बसली, तर त्या माणसाचं काय होणार? मी तर सगळ्यांनी बघितलं की हो म्हणते. तू होतीस ना तिथे, तू पाहिलंस."

आता तुम्ही सांगा — नको, तुम्ही काहीच सांगू नका. मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. तुम्ही इतर कुणाहीपेक्षा जास्त टिकलात. तुमच्याविरुद्ध जी पाच माणसं होती त्यांना कशानेही फरक पडणार नव्हता, कारण ती ऐकत नव्हती, पाठ केलेलं म्हणत होती. त्या टेबलाशी बसायला तुमच्याइतकं योग्य माणूस अख्ख्या क्योतोत नसेल. जा, ओकुदा-सान. एवढंच. माझं जपानी तोवर उत्तम झालं होतं. त्यांनीच ते केलं होतं.

पण माझा प्रबंध सादर व्हायचा होता. आणि आता त्याहून वाईट — मला त्या आवडत होत्या. खरं कळल्यावर त्या माझ्याकडे कशा बघतील, ते मला बघायचं नव्हतं. ते संत्रं, ती पेज, ते अनु-चान. यातलं काही मला परत द्यायचं नव्हतं.

मी म्हणाले, "थंडी आहे, तुमचे गुडघेही दुखतात. नाही गेलात तरी कुणी काही म्हणणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी वेगळं ऐकायची वाट बघत असाव्यात, असं मला वाटलं. की आता वाटतंय? मग मान डोलावली. "तू म्हणतेस तर तसंच," म्हणाल्या, आणि पत्र घडी करून ठेवून दिलं.

तो खटला कुणाचा होता, काय निकाल लागला, मला माहीत नाही. मी शोधलं नाही. कुणीतरी माणूस त्या दिवशी त्या खोलीत उभा राहिला असेल, आणि समोरच्या सहांत ओकुदा-सान नव्हत्या. मी त्यांना घरी बसवलं होतं.

मला पदवी मिळाली. प्रबंधातल्या त्या पानाचं सगळ्यांनी कौतुक केलं. पदवी मिळाली त्या दिवशी ओकुदा-साननी लाल कडधान्य घालून शिजवलेला भात केला होता, शुभप्रसंगी करतात तो.

पुढे मी निखिलकडे गेले. तोक्योशेजारी इचिकावाला घर घेतलं, मुलगी झाली. तिला मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, आणि तिचं जपानी ऐकताना कधीकधी एखाद्या शब्दापाशी मी थांबते, कारण तो मी ओकुदा-सानकडून शिकलेला असतो. दरम्यान ओकुदा-सान वृद्धाश्रमात राहायला गेल्या होत्या. फोनवर आवाज तसाच होता. गेल्या वर्षी वसंतात मी एकटीच क्योतोला गेले. खरं सांगायलाच गेले होते, यावर विश्वास ठेवा अथवा नका ठेवू. शिनकानसेनमध्ये, त्या बुलेट ट्रेनमध्ये, वाक्यं म्हणून बघितली होती. श्वास वाक्याच्या आधी.

आश्रमाच्या बैठकीच्या खोलीत भिंतीशी एक मोठी काचेची टाकी होती, पाणी भरलेली, पण आत काहीच नाही. तिच्याशेजारी एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. ओकुदा-साननी मला खिडकीपाशी नेलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. ते निशी-सान. इथले गोल्डफिश तेच सांभाळायचे, रोज सकाळी त्यांच्याशी बोलायचे. मागच्या महिन्यात सगळे मासे मेले. जास्त खायला घातलं म्हणून. सगळ्यांचं एकमत झालं की निशी-सानना आता आठवत नाही, त्यांनीच दोन-दोनदा घातलं. नवे मासे आणले तरी त्यांच्याकडे द्यायचे नाहीत असं ठरलं.

"ते नव्हते," ओकुदा-सान म्हणाल्या. "भेटायला आलेल्या कुणाची तरी नातवंडं होती. अख्खा डबा ओतताना मी पाहिलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्या हसल्या. अगदी मायेने, जणू मीच काही विसरले होते. "अनु-चान, सगळ्यांचं एकमत झालं होतं. आणि माझं काय आहे ते तुला माहीतच आहे."

मी तोंड उघडलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि अंगठ्याने माझ्या बांगडीशी खेळत होत्या, तिच्या नक्षीवरून बोट फिरवत, खूश होऊन. इतक्या खूश. मी म्हणाले, "चहा आणू का तुमच्यासाठी?"

आणला. प्यायलो. मुलीचे फोटो दाखवले.

निघताना दारापाशी काउंटरवर आश्रमातली एक मुलगी बसली होती, काम करणारी, हसतमुख. मला नाव विचारून तिने जाण्याची नोंद केली. निशी-सानबद्दल मला आता ठाऊक होतं. दोन वाक्यं पुरली असती. ओकुदा-सानचं नावही घ्यायची गरज नव्हती. पलीकडे निशी-साननी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ओळख नसताना किंचित वाकून नमस्कार केला. मीही केला. मग बाहेर पडले आणि बसच्या रांगेत उभी राहिले.

वर्षाच्या शेवटी ओकुदा-सानच्या भाचीचं करड्या काठाचं कार्ड आलं. इथे घरात कुणी गेलं की असं कार्ड पाठवतात — यंदा आम्ही नव्या वर्षाच्या शुभेच्छा देणार नाही म्हणून. झोपेत गेल्या, असं लिहिलं होतं. खाली भाचीने हाताने एक ओळ घातली होती: मावशी तुमच्याबद्दल नेहमी सांगायच्या की तुमच्याशी बोलताना त्यांना भीती वाटत नाही.

आश्रमाचा फोन नंबर माझ्याकडे अजून आहे. निशी-सान तिथेच असतील. मी फोन केलेला नाही.